‘पापाला मेलेला’ : रोमकरांस पत्रातील एका प्रयोगाचा विचार

पापाच्या सत्तेपासून मुक्त असे जीवन मनुष्याला याच देहात जगता येते, ही शिकवण ख्रिस्ती धर्मविचारात मध्यवर्ती आहे. तिचा मुख्य आधार म्हणजे पौलाच्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय. हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास कोरिंथ येथून लिहिले गेले असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ते पौलाने स्वतः लिहिले नाही, सांगितले. लिहून घेणाऱ्या तर्तियाचे नाव पत्राच्या शेवटी आले आहे. या अध्यायावर गेल्या एकोणीस शतकांत विपुल भाष्ये झाली असून त्यांत भर घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. तो धर्मशास्त्राचा नव्हे, भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. परंतु मराठीतून ही शिकवण वाचणाऱ्याच्या कानावर नेमके काय पडते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. तो वाटतो तितका गौण नाही, कारण या शिकवणीविषयीचे कितीतरी गैरसमज, आणि तिच्या पुरस्कर्त्यांचे काही अतिरेकही, केवळ व्याकरणातून निर्माण झालेले आहेत.

प्रथम ‘पाप’ हा शब्द घेऊ. शब्दाचा अर्थ कोशात असतो त्यापेक्षा अधिक त्याच्या क्रियापदांत असतो. मराठीत पाप करतात, पाप घडते, पाप लागते, पाप फेडतात, पाप फिटते, पापाचा घडा भरतो, पापाची राशी होते, पाप पदरी पडते. या प्रयोगांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की त्यांपैकी बहुतेक दोन चित्रांवर उभे आहेत. एक चित्र डागाचे : जे लागते आणि धुऊन जाते. दुसरे हिशेबाचे : जे साचते, भरते, फेडावे लागते, फिटते. ‘पुण्य’ हा त्याचा जोडशब्दही हिशेबातलाच, जमेच्या बाजूचा. ‘पाप घडणे’ हा प्रयोग तर विशेष पाहण्यासारखा आहे. त्यात कर्ता नाही. पाप घडून जाते, आणि ज्याच्या हातून ते घडते तो ‘हातून’ या शब्दयोगी अव्ययाच्या आडोशाला उभा राहतो. पण या कोणत्याही प्रयोगात पाप राज्य करीत नाही. क्वचित पापाला वाचा फुटते, तीही करणाऱ्याचा बभ्रा करण्यासाठी, त्याच्यावर हुकूम चालवण्यासाठी नव्हे.

आता पौलाच्या पत्रातील ‘हामार्तिया’ हा ग्रीक शब्द पाहा. तो या पत्रात चाळीसहून अधिक वेळा येतो, आणि लक्षणीय गोष्ट अशी की तो जवळजवळ सर्वत्र एकवचनी आहे. अनेकवचन अवघ्या तीन ठिकाणी आढळते; त्यांतील दोन ठिकाणी पौल जुन्या करारातील वचने उद्धृत करीत आहे. म्हणजे स्वतःच्या भाषेत बोलताना तो ‘पापे’ असे सहसा म्हणत नाही, ‘पाप’ म्हणतो. आणि हे एकवचनी पाप वाक्याचा कर्ता असते. पाचव्या अध्यायात ते जगात प्रवेश करते आणि राज्य करते. सातव्यात ते संधी साधते, पुन्हा जिवंत होते, फसवते, ठार मारते, मनुष्यात वस्ती करते. सहाव्या अध्यायात त्याच्यासाठी दोन क्रियापदे योजली आहेत, ‘बासिलेवेइन’ आणि ‘कुरिएवेइन’. पहिले राजाचे, दुसरे धन्याचे. पाप हे येथे मनुष्याने केलेले कृत्य नसून मनुष्य ज्याच्या अमलाखाली आहे ती सत्ता आहे.

येथे एका लोकप्रिय स्पष्टीकरणाचा निर्देश करणे अवश्य आहे. ‘हामार्तिया’ म्हणजे मुळात ‘नेम चुकणे’, म्हणून पाप म्हणजे ध्येय हुकणे, असे प्रवचनांतून वारंवार सांगितले जाते. व्युत्पत्ती चूक नाही. अनुमान चूक आहे. व्युत्पत्तीने शब्दाचा जन्म कळतो, त्याचा व्यवहार कळत नाही. पौलाच्या काळी हा शब्द उच्चारताना कोणाच्या डोळ्यांपुढे धनुर्धारी उभा राहत असेल असे मानण्यास आधार नाही. जेम्स बार याने १९६१ साली बायबलच्या अर्थविचारावर लिहिलेल्या ग्रंथात या पद्धतीची जी चिकित्सा केली, ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी. शिवाय नेम चुकणाऱ्याला अधिक सराव हवा असतो, आणि पौलाला जे सांगायचे आहे ते नेमके याच्या उलट आहे. ज्याच्यावर दुसऱ्याचा ताबा आहे त्याला सराव कामाचा नाही, त्याचा धनी बदलला पाहिजे.

हिशेबाची भाषा आणि सत्तेची भाषा यांतील हे अंतर लक्षात घेतले नाही तर सहाव्या अध्यायाच्या आरंभीचा प्रश्नोत्तरांचा सांधा जुळतच नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, असा आक्षेप पौल स्वतःच उपस्थित करतो. हिशेबाच्या चौकटीत हा आक्षेप बिनतोड आहे. जो सावकार प्रत्येक कर्ज माफ करतो त्याच्याकडून आणखी कर्ज का घेऊ नये? पौल यावर माफीची मर्यादा सांगत नाही, शिक्षेचे भयही घालीत नाही. तो म्हणतो की आपण पापाला मेलेले आहोत, मग त्यात पुढे जगणार कसे? प्रश्न हिशेबाचा आणि उत्तर संबंधाचे. मराठी वाचकाने ‘पाप’ हा शब्द रोजच्या अर्थाने घेतला तर हे उत्तर त्याला टाळाटाळीचे वाटेल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मात्र यावरून ‘भारतीय विचारात पाप हे केवळ कृत्य आहे, सत्तारूप पापाची कल्पना येथे नाहीच’ असा जो निष्कर्ष काही मिशनरी लेखनात काढलेला दिसतो, तो मान्य करता येत नाही. ‘पातक’ हा शब्दच घ्या. तो ‘पत्’ धातूच्या प्रयोजकापासून कर्तृवाचक प्रत्ययाने सिद्ध होतो. पातक म्हणजे पाडणारे. पुढे व्यवहारात तो महापातक, उपपातक अशा यादीतल्या कृत्यांचा वाचक झाला, हे खरे. पण घडणीत तरी पाप येथे कर्ता आहे. त्याहून महत्त्वाचा दाखला गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला. इच्छा नसतानाही, बळाने जुंपल्यासारखा, मनुष्य कोणाच्या प्रेरणेने पाप आचरतो, असा अर्जुनाचा प्रश्न आहे. काम आणि क्रोध हे त्याचे उत्तर. त्यांना तेथे वैरी म्हटले आहे, आणि इंद्रिये, मन व बुद्धी ही त्या वैऱ्याची ठाणी सांगितली आहेत. हा प्रश्न आणि रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातील विलाप एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. रोगाचे वर्णन जवळजवळ एक आहे. वाटा फुटतात त्या उपायापाशी. गीतेत इंद्रियांहून मन, मनाहून बुद्धी आणि बुद्धीहूनही पलीकडचे तत्त्व श्रेष्ठ आहे. ते जाणून, आपणच आपणाला आवरून, शत्रूला मारायचे आहे. पौलाच्या मते मनुष्यात असा एकही शाबूत बुरूज उरलेला नाही. ‘मी’ हाच विकला गेला आहे, म्हणून सुटका बाहेरून यावी लागते. तुलना करायची तर ती या ठिकाणी करावी; ‘त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही’ या पातळीवर ती निष्फळ ठरते.

सत्तेचे रूपक चालवताना पौल गुलामगिरीचा व्यवहार पुढे आणतो. ‘दूलॉस’ या त्याच्या शब्दाला मराठीत ‘दास’ म्हणावे की ‘गुलाम’? ‘दास’ म्हटले की भक्तिपरंपरेचा सगळा गौरव त्या शब्दाबरोबर येतो. जो शब्द रामदासांच्या नावात आहे तो ‘पापाचा दास’ या समासात बसवला की त्याची धार जाते. ‘गुलाम’ या शब्दाला ती धार आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव देऊन तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तेव्हापासून तर हा शब्द मराठीत अन्यायाचा स्पष्ट वाचक झालेला आहे. परंतु ‘नीतिमत्त्वाचा गुलाम’ असे म्हणताच जीभ अडखळते. ग्रीक शब्द दोन्ही धन्यांकडे एकच आहे आणि युक्तिवाद त्या एकपणावर उभा आहे. मराठीला येथे दोन शब्द उपलब्ध आहेत, हीच तिची अडचण. माझ्या मते दोन्हीकडे ‘गुलाम’ ठेवावा आणि जीभ अडखळू द्यावी. पौलही येथे अडखळला आहे. एकोणिसाव्या वचनात आपण श्रोत्यांच्या दुर्बलतेमुळे माणसांच्या रीतीने बोलत आहोत, अशी कबुली तो देतो.

काही ठिकाणी उलट मराठीच ग्रीकच्या अधिक जवळ जाते. देहाचे अवयव पापाच्या हाती ‘हॉप्ला’ म्हणून देऊ नका, असे तेथे सांगितले आहे. या शब्दाचे शस्त्र आणि अवजार असे दोन्ही अर्थ होतात, आणि भाष्यकार त्यांपैकी कोणता घ्यावा यावर बराच खल करतात. मराठीतील ‘हत्यार’ सुताराचेही असते आणि शिपायाचेही. ‘साधन’ म्हटले की लढाई नाहीशी होते, ‘शस्त्र’ म्हटले की काम नाहीसे होते. ‘हत्यार’ म्हटले की दोन्ही राहतात. तीच गोष्ट ‘ऑप्सोनिया’ची. याचा रूढ अर्थ सैनिकाला मिळणारा शिधा किंवा त्याबद्दलची रोख रक्कम. ‘वेतन’ हा शब्द त्यासाठी चालतो, पण आज त्याला कचेरीचा वास येतो. मराठ्यांच्या कागदपत्रांत शिपायांना ‘रोजमुरा’ दिल्याचे उल्लेख येतात. पाप हा सरदार आपल्या शिपायांना मरणाचा रोजमुरा वाटतो, असे चित्र डोळ्यांपुढे आणले की हत्यार आणि रोजमुरा एकाच छावणीतले आहेत हे कळते. हे शब्द उपासनेत वाचायच्या भाषांतरात घालावेत असा माझा आग्रह नाही. वर्गात समजावून सांगताना ते उपयोगी पडतात, एवढेच.

आता शीर्षकातील प्रयोगाकडे येऊ. ‘पापाला मेलेला’ ही रचना मराठी नाही, ती ग्रीक चतुर्थीची नक्कल आहे, असा शेरा मी स्वतः पूर्वी एकदा विद्यार्थ्यांपुढे मारला होता. मराठीत मनुष्य भुकेने मरतो, तापाने मरतो, पैशासाठी मरतो. कशाला तरी मरत नाही, असे माझे म्हणणे होते. त्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, घरातून निघून गेलेल्या मुलाला ‘तू आम्हांला मेलास’ असे म्हणतातच ना?” शेरा मागे घ्यावा लागला. मराठीत हा प्रयोग आहे, आणि तो नेमका ज्या अर्थाने आहे त्याच अर्थाची येथे गरज आहे. ‘तू आम्हांला मेलास’ या वाक्यात मुलाचा प्राण गेलेला नसतो. तो दुसऱ्या गावी सुखाने नांदत असेल. मेला आहे तो संबंध. ‘आम्हांला’ ही चतुर्थी हेतूची नाही की साधनाची नाही. ज्याच्या बाजूने पाहता नाते संपले त्याची ती आहे. मराठी घराला हा उद्गार फार जुना आणि फार कडू आहे. पौलाच्या वाक्यात तो म्हणणारे घर म्हणजे पाप. जुन्या घराने ज्याचे नाव टाकले त्याच्यावर त्या घराचा हुकूम चालत नाही. तो हुकूम त्याला ऐकू येणारच नाही, असे मात्र यात कोठेही म्हटलेले नाही.

या उद्गाराला आपल्याकडे विधीचेही रूप होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताच्या हयातीतच सपिंडांनी गावाबाहेर जाऊन त्याला मृताप्रमाणे उदक द्यावे, दासीने पाण्याचा घट पायाने लवंडावा आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणे, बसणे, दायभाग सर्व थांबवावे, असे सांगितले आहे. हाच धर्मशास्त्रातील घटस्फोट. आज मराठीत हा शब्द विवाहविच्छेदाचा वाचक झाला आहे. सातव्या अध्यायाच्या आरंभी पौल विवाहाचा दृष्टान्त घेतो, आणि तेथेही नाते तोडणारी गोष्ट मृत्यू हीच आहे, हे आठवले म्हणजे एकाच मराठी शब्दात मृत्यूचा विधी आणि लग्नाचा विच्छेद एकत्र यावेत, याचे नवल वाटते. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांना तर हे केवळ रूपक नव्हते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूचे होते. त्या पिढीच्या धर्मांतरितांनी रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला असेल तेव्हा ‘मेलेला’ या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नसेल. फक्त दिशा उलटी होती. घराने त्यांना मृत ठरवले होते. पत्र त्यांना सांगत होते की स्वतःला मृत लेखा, पण ते घराला नव्हे, पापाला.

‘लेखा’ हा शब्द मी हेतुतः वापरला. अकराव्या वचनातील ‘लॉगिझेस्थे’ हे क्रियापद हिशेबाच्या वहीतले आहे. त्यासाठी ‘माना’ म्हटले तर मराठीत कल्पनेची छटा येते. भूमितीतल्या ‘माना की’सारखे, म्हणजे खरे नसले तरी घटकाभर धरून चाला. ‘लेखणे’ या क्रियापदाने नोंद होते, आणि नोंद आधी घडलेल्याचीच करतात. ‘पापाला मेलो असे मानत राहिले की पाप सुटते’ ही जी मनोबलाची शिकवण काही पुस्तिकांतून दिली जाते, तिला मूळ ग्रीकमध्ये आधार नाही.

दुसरा अतिरेक काळाच्या प्रत्ययांवर उभारलेला आहे. जॉन वेस्ली याने ख्रिस्ती परिपूर्णतेवरील आपले विवेचन १७६६ साली प्रसिद्ध केले. १८७५ पासून इंग्लंडातील केसविक येथे भरू लागलेल्या मेळाव्यांनी ‘पापावर विजय’ हा विषय वेगळ्या पद्धतीने पुढे नेला. या प्रवाहांशी नाते सांगणाऱ्या पुष्कळ प्रवचनकारांचा एक आवडता युक्तिवाद असा : ‘आपण मेलो’ हे क्रियापद आणि तेराव्या वचनातील ‘समर्पण करा’ ही आज्ञा, दोन्ही ग्रीकमधील अओरिस्त रूपे आहेत; अओरिस्त म्हणजे एकदाच आणि कायमचे; म्हणून पापाच्या सत्तेतून सुटका हा एका क्षणात, एका निर्णयाने घडणारा अनुभव आहे. हा युक्तिवाद व्याकरणाच्या कसोटीवर टिकत नाही. अओरिस्त क्रियेकडे समग्रतेने पाहतो; ती किती वेळ चालली हे तो सांगत नाही. पुरावा दूर शोधायला नको. आदामापासून मोशेपर्यंत मरणाने राज्य केले, असे पाचव्या अध्यायात म्हटले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या राज्यासाठी अओरिस्तच आहे. सहाव्याच अध्यायात, तुम्ही पूर्वी आपले अवयव अशुद्धतेला वाहिले होते, असे सांगताना पुन्हा अओरिस्त. आणि ते वाहणे एका क्षणाचे खचित नव्हते. ‘एकदाच’ हे पौलाला जेव्हा सांगायचे असते तेव्हा त्यासाठी त्याच्याजवळ ‘एफापाक्स’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि दहाव्या वचनात तो ख्रिस्ताच्या मृत्यूसाठी योजलेला आहे. फ्रँक स्टॅग याने १९७२ साली अओरिस्तच्या या दुरुपयोगावर लेख लिहून त्याची पुरेशी झडती घेतली. तरीही तो युक्तिवाद आजवर ऐकू येतो. एखाद्याचा अनुभव क्षणिक परिवर्तनाचा असू शकेल, त्याविषयी भाषाशास्त्राला काही म्हणायचे नाही. त्या अनुभवाने क्रियापदाच्या प्रत्ययावर भार टाकू नये, एवढेच म्हणणे आहे.

घडून गेलेले विधान आणि पुढची आज्ञा यांचे नाते पौलाच्या नीतिविचारातील मोठा प्रश्न आहे; रुडॉल्फ बुल्टमान याने १९२४ साली त्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. पाप तुमच्यावर धनीपण करणार नाही, असे सांगून शिवाय पापाला राज्य करू देऊ नका, असे का सांगावे? तर्काला हे खटकते; मराठी घराला खटकत नाही. ‘तू आता या घरची सून आहेस, सुनेसारखी वाग’ हे वाक्य आपल्याकडे किती पिढ्यांनी ऐकले आहे! या वाक्यातील जाच क्षणभर बाजूला ठेवला तर त्याची रचना नेमकी पौलाची आहे. चांगली वागलीस तर सून होशील, असे ते म्हणत नाही. नाते आधी, वागणूक नंतर. आणि नाते झाले म्हणून वागणूक आपोआप येत नाही, म्हणूनच आज्ञा.

सातव्या अध्यायातील ‘मी’ कोण, या वादात येथे शिरत नाही. तेथील विलाप नियमशास्त्राखालच्या मनुष्याचा आहे असे ऑगस्टीन आधी म्हणत असे. पुढे पेलाजियसच्या अनुयायांशी वाद करताना तो स्वतः प्रेषिताचा, कृपेखालच्या मनुष्याचा आहे असे म्हणू लागला. ल्यूथरने त्याचीच बाजू घेतली, तर १९२९ साली क्यूमेल याने तो विलाप पौलाचे आत्मचरित्र नव्हेच, असे प्रतिपादले. माझा कल क्यूमेलकडे आहे. परंतु पाप तेथे मनुष्यात ‘वस्ती करते’, आणि ते क्रियापद ‘घर’ या अर्थाच्या ‘ऑइकॉस’ शब्दावरून आलेले आहे, याची नोंद करावी. मराठीत भीती मनात घर करते, संशय घर करतो. घर करणारा पाहुणा नव्हे.

मराठीत हा आशय आणण्याचे प्रयत्न चारशे वर्षांचे आहेत. फादर स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेण्यास तो कचरला नाही. दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई. ग्रीक-हिब्रूवरून त्यांनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, केडगाव येथे प्रसिद्ध झाले. हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार असलेले संस्कृत शब्द शक्य तेथे टाळून साध्या बायकांना कळेल अशी मराठी लिहिण्याचा त्यांचा प्रयत्न होता. आणि तरीही आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ‘मुक्ती’. यात विसंगती काढणे सोपे आहे. पण ज्या विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळातून आलेल्या मुली त्या भिंतींच्या आत राहत होत्या, त्यांना ‘मुक्ती’ हा शब्द दर्शनग्रंथांतून आला नव्हता. कोणाच्या तरी ताब्यातून सुटून त्या तेथे आल्या होत्या. पौलाचा शब्द या मुक्तीच्या जवळचा आहे, दर्शनांतल्या मुक्तीच्या नाही.

गुलामाचे रूपक पौलाने सहाव्या अध्यायात वापरले खरे, पण आठव्या अध्यायात त्याच्या जागी तो दुसरे आणतो, ‘हुइओथेसिया’, म्हणजे दत्तकविधान. मुक्त झालेला मनुष्य नव्या धन्याचा गुलाम नव्हे, नव्या घरचा दत्तक पुत्र आहे. रोमन दत्तकविधान आणि आपले दत्तकविधान यांत भेद पुष्कळ आहेत, तथापि दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या घराचे गोत्र आणि वारसा सोडून जातो हा आपल्याकडील नियम मनूपासून चालत आलेला आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याच्या बाराव्या कलमानेही जन्मघराशी असलेले सर्व संबंध दत्तकाच्या दिवसापासून तुटलेले मानले आहेत. त्याच कलमात मात्र एक अपवाद ठेवला आहे. जन्मघरी राहिला असता तर ज्यांच्याशी त्याला विवाह करता आला नसता, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. अधिकार संपला तरी रक्त तेच राहते, हे कायद्याला ठाऊक होते. पौलही, पापाचे धनीपण संपले असे सांगताना, ज्या देहात त्याला राज्य करू द्यायचे नाही त्या देहाला ‘मर्त्य’ असे विशेषण लावायला विसरत नाही.